नादुरुस्त पिस्तूल आणि सत्कार्यवाद

गेल्या खेपेला व्याख्यान संपल्यावर एका तरुणानं मला मेहरूण तलावाकाठी गाठलं. म्हणाला, ‘सर, परदेशात लोक जुनं, झिजलेलं पिस्तूल विकत घेतात, गंज काढतात, स्प्रिंग बदलतात, त्याचा व्हिडिओ टाकतात. माझ्या वारलेल्या आजोबांच्या पेटीत असंच एक पडलंय. चाप अडकलाय, मूठ फुटलीय. चालतच नाही, तर ते पिस्तूल कसलं? घरी दुरुस्त केलं तर बिघडलं काय?’

प्रश्न कायद्याचा वाटतो, पण मुळात तत्त्वज्ञानाचा आहे.

सांख्य म्हणतात, कार्य कारणात आधीपासूनच असतं. सरकीतून तेल निघतं, वाळूतून निघत नाही. कारण सरकीत ते होतंच. नैयायिक म्हणतात, नाही, कार्य नव्यानं उत्पन्न होतं. घडण्यापूर्वी घट नव्हताच. आमचा तरुण नकळत नैयायिक होता.

१९५९ चा शस्त्र अधिनियम मात्र सांख्यांच्या बाजूचा! त्याच्या कलम ४५ मध्ये जुनाट किंवा नादुरुस्त शस्त्राला सूट आहे. पण केव्हा? दुरुस्ती करूनसुद्धा ते बंदूक म्हणून वापरता येणार नसेल तेव्हाच. म्हणजे गोळी सुटते का, एवढंच कायदा विचारत नाही. सुटू शकेल का, हेही विचारतो. आता गंमत बघा. ‘मी हे दुरुस्त करू शकतो’ असं तरुण म्हणाला, त्याच क्षणी ‘हे पिस्तूलच नाही’ हा त्याचा युक्तिवाद कोसळला.

बरं, सुटं करून ठेवलं तर? मिलिंद राजाला नागसेनानं विचारलं होतं, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? तिथं उत्तर ‘नाही’ असं होतं. कायदा मात्र सुट्या भागांनाही शस्त्रातच धरतो.

आणि कलम ५ प्रमाणे दुरुस्तीला स्वतंत्र परवाना लागतो. बाळगण्याचा परवाना असला, म्हणून दुरुस्तीचा हक्क येत नाही. हे जाचक वाटेल. पण आपल्या चोपडा तालुक्याच्या सीमेवरच्या उमर्टीचं नाव गावठी कट्ट्यांच्या बातम्यांत तुम्ही वाचताच. कानस तीच, लोखंड तेच. हात छंदाचा की धंद्याचा, हे कानशीला कळत नाही.

मी त्याला म्हटलं, ‘बाळा, पेटीला हात लावू नकोस. आत गोळी असेल, तर तुझा अंदाज चुकायला एक क्षण पुरे. आधी पोलीस ठाण्याला कळव, ते सांगतील तसं जमा कर. वारसा म्हणून हवंच असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे रीतसर अर्ज कर.’

तो हिरमुसला. म्हणाला, ‘सर, आजोबांची तेवढीच एक वस्तू आहे.’

इथं मीही थांबलो. दुरुस्ती म्हणजे वस्तूला तिचं काम परत देणं. घड्याळाला वेळ परत द्यावी, शिवणयंत्राला टाका द्यावा. पिस्तुलाला काय परत देणार? आजोबांची आठवण त्या चापात नाही. मी विचारलं, ‘पेटीत आणखी काय आहे?’

‘एक बंद पडलेलं घड्याळ आहे.’

म्हटलं, ‘मग ते उघड.’