गाड्या बाजूला घेण्याआधी

गाळप हंगामात न्हावरा–चौफुला रस्त्यावर रात्री गाडी चालवणाऱ्याला दोन गोष्टींची धास्ती असते: समोरच्याचा डोळ्यांत घुसणारा अप्पर, आणि पुढे अंधारात पंक्चर होऊन उभी राहिलेली उसाची ट्रॉली. धडक होते, गर्दी जमते आणि रुग्णवाहिका पोहोचायच्या आत निकालही लागतो. ‘मागून ठोकलंय ना? मग चूक मागच्याचीच.’ थोड्या वेळात ट्रॉली कडेला ओढली जाते, सांडलेला ऊस उचलला जातो, रस्ता मोकळा होतो. वाहतुकीच्या दृष्टीने हे योग्यच. पण ट्रॉली कडेला उभी होती की मधोमध, हे दाखवणारा पुरावाही त्याबरोबर उचलला गेलेला असतो.

गर्दीचा तो निकाल कायद्यात टिकेलच असं नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे अर्चित सैनी खटला आला. रात्रीच्या अंधारात भर रस्त्यात दिवे न लावता उभ्या केलेल्या टँकरवर मोटार मागून आदळली होती. उच्च न्यायालयाने निम्मी चूक मोटारचालकाच्या पदरात टाकली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती काढून सगळा दोष टँकरवाल्याचा ठरवला. हे टक्क्यांचं भांडण कोरडं वाटतं, पण चालकाची निम्मी चूक धरली की त्याला किंवा त्याच्या वारसांना मिळायच्या रकमेतून निम्मी कापली जाते.

म्हणून माणसं दवाखान्यात रवाना झाली की मोबाइल काढावा, मात्र जखमींचे चेहरे टिपण्यासाठी नव्हे. आधी लांबून एक फोटो असा घ्यावा की त्यात किलोमीटरचा दगड, विजेचा खांब किंवा ढाब्याची पाटी अशी न हलणारी एखादी खूण येईल. मग टायर घासल्याच्या खुणा, काचांचा सडा, सांडलेलं ऑइल. काचा आणि गाडीखालचा वाळलेला चिखल धडकेच्या वेळी खाली पडतो, त्यामुळे धडक रस्त्याच्या कोणत्या बाजूला झाली याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. ट्रॅक्टरचा आणि मागच्या ट्रॉल्यांचा नंबर वेगवेगळा टिपावा. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, आणि तिच्या विम्यावरून पुढे हमखास वाद होतो. ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर होता की नाही, हेही फोटोत यावं. नाहीतर दुसऱ्या दिवशी तिथे नवीकोरी लाल पट्टी चिकटलेली दिसण्याची शक्यता असते!

फुटलेला मागचा दिवासुद्धा फेकू नये. जुन्या पद्धतीचा बल्ब पेटलेला असताना धक्का बसला तर आतली तापलेली तार ताणली जाते, वाकडी होते. बंद असताना बसला तर सहसा तशी होत नाही. ‘पार्किंग लाइट चालूच होते’ या साक्षीला प्रयोगशाळेत तपासता येईल असं हे उत्तर आहे. एलईडी दिव्यात अर्थात ही सोय नाही. टायरच्या खुणांबाबतही जपून बोलावं. एबीएस असलेल्या गाडीच्या खुणा पुसट उमटतात. खूण नाही म्हणजे ब्रेक दाबलाच नाही, असं म्हणता येत नाही.

यानंतर खरा कागद म्हणजे घटनास्थळाचा पंचनामा. त्यात रस्त्याची रुंदी, गाड्यांची तोंडं कुठल्या दिशेला, कडेपासूनचं अंतर आणि कच्चा नकाशा असतो. पंच म्हणून बहुधा शेजारचा टपरीवाला सही करतो आणि काय लिहिलंय ते वाचत नाही. नातेवाइकांपैकी डोकं शांत असलेल्या एकाने तिथे थांबावं, आणि अंतरं टेपने मोजा असा आग्रह धरावा. ऑगस्ट २०२२ मध्ये पुणे–नगर महामार्गावर रांजणगावजवळ विरुद्ध दिशेने आलेल्या मालवाहू गाडीवर मोटार आदळून एकाच कुटुंबातले पाच जण गेले. एमआयडीसीच्या पट्ट्यात वळसा वाचवायला उलटं येणं रोजचंच. अशा अपघातात कोणती गाडी कुठल्या बाजूला होती, यावरच सगळं ठरतं.

पाहणारं कुणी उरलंच नाही तर? जुलै २०१९ मध्ये यवतचे नऊ तरुण रायगडहून परतताना पुणे–सोलापूर रस्त्यावर कदमवाकवस्तीजवळ मृत्युमुखी पडले. त्यांची गाडी दुभाजक ओलांडून ट्रकवर आदळली होती. आतलं कुणी वाचलं नाही. अशा वेळी रस्त्याचीच साक्ष काढावी लागते. पुष्पाबाई उदेशी खटल्यात हेच झालं. डिसेंबर १९६० मध्ये नागपूरहून पांढुर्ण्याला निघालेली मोटार उजव्या कडेच्या झाडावर धडकली आणि पुष्पाबाईंचे पती दगावले. धडक पाहणारं कुणी नव्हतं. पण झाड मोडलं होतं, इंजिन जागेवरून फूटभर मागे सरकलं होतं. १९७७ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं की नीट चाललेली गाडी अशी झाडावर जात नाही. निष्काळजीपणा नव्हता हे आता मोटारीच्या मालकाने दाखवावं.

सीसीटीव्हीचं प्रकरण जरा किचकट. ढाब्यावरचा किंवा पेट्रोल पंपावरचा कॅमेरा जुन्या चित्रणावर नवं लिहितो; बऱ्याच ठिकाणी काही आठवड्यांतच सगळं पुसलं जातं. त्यामुळे ‘या पंपाचं चित्रण ताब्यात घ्या’ असा अर्ज पोलीस ठाण्यात लगेच द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. पळून गेलेल्या ट्रकसाठी पाटसच्या टोलनाक्यावरची वेळही कामाची. चित्रणाच्या प्रतीबरोबर ती कोणत्या यंत्रातून, कशी काढली याचं प्रमाणपत्र लागतं, हा नियम पक्का झाला तो चक्क जालन्याच्या निवडणुकीमुळे. अर्जुन खोतकर २०१४ साली २९६ मतांनी निवडून आले. उमेदवारी अर्ज उशिरा भरल्याचा आरोप करत त्यांचे प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल कोर्टात गेले, आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातलं चित्रण. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र अनिवार्य ठरवलं. मूळ यंत्रच मालकाने कोर्टात आणलं तर ते लागत नाही, आणि सगळे प्रयत्न करूनही अधिकारी देत नसेल तर अर्जदाराला त्यात अडकवता येत नाही, असंही सांगितलं. आता ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे.

फौजदारी खटल्यात चालक सुटला की घरचे दाव्याचीही आशा सोडतात. ते बरोबर नाही. तिथे निःसंशय पुरावा लागतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे कोणती बाजू अधिक संभवनीय वाटते, एवढंच पाहिलं जातं. बिमलादेवी खटल्यात २००९ साली हे स्पष्ट झालं आहे. वाहन सापडलंच नाही तर मात्र सरकारी योजनेतून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार, एवढ्यावरच भागवावं लागतं. नंबराची किंमत इथे कळते.

जागेवर ‘मिटवून टाका’ म्हणणारे भेटतातच. दवाखान्याच्या खर्चाच्या बदल्यात ‘आमची तक्रार नाही’ असं स्टँपपेपरवर लिहून देऊ नये. विमा कंपनीचा वकील तोच कागद पुढे करतो. मोटार वाहन कायद्यात एप्रिल २०२२ पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत आली आहे. दावा अपघाताच्याच ठिकाणी लावावा लागत नाही. दौंडचा माणूस नाशिकजवळ जखमी झाला तरी तो पुणे जिल्ह्यातच दाद मागू शकतो.