एका मतदाराचे आठ आमदार

ग्लासगोच्या नैऋत्येला, क्लाइडच्या खाडीत अरन नावाचं बेट आहे. तिथून मुख्य भूमीवर यायचं तर बोटीशिवाय सोय नाही. मोठ्या इस्पितळातली तपासणी, बाजारात न्यायची जनावरं, उन्हाळ्यातले पर्यटक, सगळं बोटीच्या वेळापत्रकावर अवलंबून. स्कॉटलंड सरकारच्या मालकीच्या कंपनीने 2015 मध्ये दोन नव्या जहाजांचं काम दिलं, दोन्ही मिळून 9 कोटी 70 लाख पौंडांना. त्यातलं ग्लेन सॅनॉक्स हे अरनसाठी होतं आणि 2018 मध्ये सेवेत येणार होतं. नोव्हेंबर 2017 मध्ये ते समारंभपूर्वक पाण्यात सोडलं गेलं, तेव्हा खिडक्या बसवून झालेल्या नव्हत्या. त्यांच्या जागी रंगाने खिडक्या काढलेल्या होत्या. प्रवासी घेऊन ते निघालं जानेवारी 2025 मध्ये.

या सगळ्या वर्षांत अरनच्या माणसाने गाऱ्हाणं न्यायचं कुणाकडे? बोटी हा एडिनबरातल्या स्कॉटिश संसदेच्या अखत्यारीतला विषय. अरनच्या मतदारसंघाचा सदस्य स्कॉटिश नॅशनल पार्टीचा, आणि 2007 पासून सत्तेत असलेला पक्षही तोच. सत्ताधारी सदस्य आपल्या लोकांसाठी भांडत नाही असं मुळीच नाही. पण आपल्याच मंत्र्याला सभागृहात उभं करून जाब विचारताना त्याच्यावर पक्षाचं दडपण असतं, हे कुठल्याही विधिमंडळात खरं आहे. अरनच्या मतदाराला मात्र आणखी सात दरवाजे होते. अरन ज्यात येतं त्या वेस्ट स्कॉटलंड विभागातून 2021 मध्ये हुजूर पक्षाचे तीन, मजूर पक्षाचे तीन आणि ग्रीन पक्षाचा एक असे सात प्रादेशिक सदस्य निवडून आले होते. यांतल्या कुणाकडेही तो हक्काने जाऊ शकत होता, कारण ते सातही जण त्याचेच प्रतिनिधी होते.

प्रतिनिधित्वाची ही रीत आपल्याला अनोळखी आहे. आपला आमदार एक. तो विरोधी पक्षाचा असला तर निधी मिळत नाही अशी तक्रार, सत्ताधारी असला तर तो आवाज उठवत नाही अशी तक्रार, आणि आपण त्याला मत दिलं नसेल तर त्याच्या कार्यालयाची पायरी चढताना मनात संकोच. या कोंडीतून मतदाराला बाहेर काढायचा एक गंभीर प्रयत्न स्कॉटलंडमध्ये 1999 पासून चालू आहे, म्हणून तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

स्कॉटिश संसदेत 129 सदस्य आहेत. त्यांपैकी 73 मतदारसंघांतून येतात, आपल्यासारखेच: सर्वाधिक मतं मिळाली तो विजयी. उरलेले 56 येतात आठ विभागांतून, प्रत्येकी सात. मतदाराच्या हातात दोन मतपत्रिका पडतात. जांभळट मतपत्रिकेवर मतदारसंघाच्या उमेदवाराला मत द्यायचं, पीच रंगाच्या मतपत्रिकेवर पक्षाला, म्हणजे त्याच्या उमेदवारांच्या यादीला. 2007 मध्ये ही दोन्ही मतं एकाच कागदावर छापली होती. लोक गोंधळले, एक लाखाहून जास्त मतं बाद झाली, आणि त्यानंतर कागद पुन्हा वेगळे झाले.

हे एवढं गुंतागुंतीचं का केलं, याचं उत्तर 1997 मध्ये आहे. त्या वर्षी मे महिन्यात ब्रिटिश संसदेची निवडणूक झाली. स्कॉटलंडमध्ये हुजूर पक्षाला साधारण साडेसतरा टक्के मतं पडली आणि जागा मिळाली एकही नाही. मजूर पक्षाने निम्म्याहून कमी मतांवर 72 पैकी 56 जागा नेल्या. सप्टेंबरात स्वतंत्र संसदेसाठी सार्वमत झालं, 74 टक्क्यांहून जास्त लोकांनी होकार दिला. नवी संसद जुन्याच पद्धतीने निवडली असती तर मजूर पक्षाला तिथे वर्षानुवर्षं एकहाती राज्य करण्याची संधी होती. ती त्या पक्षाने सोडली. मजूर पक्षाच्या डोनाल्ड ड्यूअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इतर पक्ष, चर्च, कामगार संघटना यांच्याबरोबर आधी काही वर्षं बसून जे ठरवलं होतं, ते 1998 च्या कायद्यात उतरलं. सत्तेच्या दारात उभ्या असलेल्या पक्षाने स्वतःच्या हिताविरुद्ध नियम करणं ही राजकारणात विरळा घडणारी गोष्ट आहे, आणि तिचं श्रेय त्या माणसांना मोकळेपणाने द्यायला हवं. मे 1999 च्या पहिल्या निवडणुकीत हुजूर पक्षाला मतदारसंघातली एकही जागा मिळाली नाही, पण प्रादेशिक यादीतून 18 जण आले. या संसदेलाच ज्या पक्षाचा विरोध होता, त्याच्या मतदारांनाही तिथे आवाज मिळाला.

यादीतल्या जागा कशा वाटल्या जातात, ते ग्लासगोच्या 2021 च्या निकालावरून पाहू. ग्लासगो विभागात तेव्हा नऊ मतदारसंघ होते आणि नऊच्या नऊ स्कॉटिश नॅशनल पार्टीने जिंकले. प्रादेशिक मतपत्रिकेवर या पक्षाला सुमारे 1 लाख 34 हजार मतं होती, मजूर पक्षाला 74 हजार, हुजूर पक्षाला 37 हजार आणि ग्रीन पक्षाला 36 हजार. आता नियम असा, की पक्षाची मतं त्याने आधीच जिंकलेल्या जागा अधिक एक, या संख्येने भागायची. नॅशनल पार्टीच्या नऊ जागा होत्या, म्हणून भागाकार दहाने. उरले साधारण 13 हजार 400. मजूर पक्षाकडे मतदारसंघाची एकही जागा नव्हती, म्हणून त्याची मतं एकने भागली आणि 74 हजार तशीच राहिली. पहिली जागा त्यांची. जागा मिळाली की भाजक एकाने वाढतो: आता 74 हजार भागिले दोन, म्हणजे 37 हजार. ती हुजूर पक्षाच्या आकड्याहून जेमतेम जास्त, म्हणून दुसरी जागाही मजूर पक्षाची. असं सात वेळा करायचं. शेवटी मजूर पक्षाला चार, हुजूर पक्षाला दोन आणि ग्रीन पक्षाला एक जागा मिळाली. ग्रीन पक्षाची दुसरी जागा हजाराहून कमी मतांनी हुकली.

ही गणितं कंटाळवाणी वाटतील, पण त्यांचा परिणाम पाहा. विभागातल्या निम्म्याहून जास्त मतदारांनी पक्षाचं मत इतरांना दिलं होतं. यादी नसती तर त्या सगळ्यांचा संसदेत एकही माणूस नसता. त्या सातांमध्ये हुजूर पक्षाचे डॉक्टर संदेश गुल्हाने होते. आडनाव मराठी वाचकाला लगेच ओळखीचं वाटेल. ग्लासगोत हुजूर पक्षाच्या डॉक्टरला मतदारसंघातून निवडून येणं किती अवघड होतं, ते त्या नऊ निकालांवरून कळतंच.

निवडून आल्यावर दोन्ही प्रकारच्या सदस्यांना पगार सारखा, सभागृहातलं मत सारखं, प्रश्न विचारण्याचा हक्क सारखा. संसदेचं कामकाज मुख्यतः मंगळवार, बुधवार, गुरुवार असे तीन दिवस चालतं. गुरुवारी दुपारी बारा वाजता मुख्यमंत्र्यांना प्रश्न विचारले जातात. सोमवार आणि शुक्रवार आपल्या भागासाठी मोकळे. त्या दिवसांत ग्रंथालयात, समाजमंदिरात, कधी बाजाराच्या ठिकाणी सदस्य लोकांना भेटतात. या भेटींना तिथे ‘सर्जरी’ म्हणतात. शस्त्रक्रियेची तारीख लांबली, शाळेत दिव्यांग मुलाला मदतनीस मिळत नाही, सरकारी घरात भिंतीला ओल आली, अशी कामं येतात. सदस्य पत्र लिहितो, मंत्र्याला लेखी प्रश्न टाकतो, आणि एकाच प्रकारच्या तक्रारी वाढल्या की दिवसाच्या कामाअखेरीस होणाऱ्या छोट्या चर्चेसाठी तो विषय लावून धरतो. व्हिसाचं किंवा पेन्शनचं काम आलं तर तो लंडनमधल्या खासदाराकडे पाठवतो, कारण ते विषय एडिनबराकडे दिलेलेच नाहीत. कचरागाडी आली नाही तर नगरसेवकाकडे.

प्रादेशिक सदस्याचं काम मात्र वेगळ्या मापाचं आहे. हायलँड्स अँड आयलंड्स विभाग जमिनीच्या हिशोबाने स्कॉटलंडच्या जवळजवळ निम्मा. त्यात शेटलंड येतं, जिथे ॲबर्डीनहून रात्रभर बोटीने जावं लागतं, आणि पश्चिमेची गेलिक बोलणारी बेटंही येतात. शेटलंडच्या मतदारसंघाच्या सदस्याला वीसेक हजार मतदार सांभाळायचे. प्रादेशिक सदस्याला हा सगळा पसारा. त्याला प्रत्येक गावात पोहोचणं शक्य नसतं. म्हणून हे सदस्य सहसा एखादा विषय धरतात: मासेमारी, बेटांवरचे डॉक्टर, रस्ते, घरांच्या किमती. एकाच मतदारसंघात न मावणारे प्रश्न असेच पुढे येतात. स्कॉटिश संसदेत वरचं सभागृह नाही, एकच सभागृह आणि त्याच्या समित्या. विधेयकाची खरी चिरफाड समितीत होते. तिथे लहान पक्षांची माणसं लागतात, आणि ती बहुतेक यादीतूनच येतात. 1999 मध्ये रॉबिन हार्पर हे ग्रीन पक्षाचे ब्रिटनमधल्या कुठल्याही संसदेत निवडून आलेले पहिले सदस्य ठरले, तेही यादीतूनच.

दोन सदस्य एकाच मतदारावर हक्क सांगू लागले की खटके उडणारच. पहिल्याच वर्षी त्यावरून इतकी ओढाताण झाली, की उपसभापती जॉर्ज रीड यांच्या नावाने ओळखली जाणारी तत्त्वं आखावी लागली. रीड स्वतः तेव्हा प्रादेशिक सदस्य होते. प्रादेशिक सदस्याने स्वतःला एखाद्या गावाचा ‘स्थानिक सदस्य’ म्हणवून घ्यायचं नाही. एखाद्याचं काम हाती घेतलं तर मतदाराची हरकत नसल्यास मतदारसंघाच्या सदस्याला कळवायचं. आणि विभागातल्या दोनांहून जास्त मतदारसंघांत काम करायचं. हा शेवटचा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुढच्या वेळी जिंकायच्या एकाच मतदारसंघात पाच वर्षं तळ ठोकण्याचा मोह प्रत्येक यादीवाल्याला असतो. तसं झालं तर विभागातल्या बाकीच्या लोकांचा प्रतिनिधी फक्त कागदावर उरतो.

टीका करणारे म्हणतात, हे मागल्या दाराने आलेले लोक. मतदाराने मतदारसंघात नाकारलेला माणूस यादीतून आत कसा? वेल्समध्ये 2003 साली क्लुइड वेस्ट मतदारसंघात असंच झालं: मजूर पक्षाचा उमेदवार जिंकला आणि हरलेल्यांपैकी तिघे यादीतून विधिमंडळात पोहोचले. पुढे वेल्समध्ये दोन्हीकडून उभं राहण्यावर काही वर्षं बंदी होती, मग ती उठवली गेली. स्कॉटलंडने बंदी घातली नाही, आणि ते योग्यच झालं. निकोला स्टर्जन 1999 आणि 2003 मध्ये ग्लासगोतल्या गोव्हन मतदारसंघात हरल्या आणि दोन्ही वेळा यादीतून आल्या. 2007 मध्ये त्यांनी गोव्हन जिंकला, 2014 मध्ये त्या मुख्यमंत्री झाल्या. दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार म्हणजे लोकांनी धिक्कारलेला माणूस, हा समजच चुकीचा आहे. त्याला हजारो लोकांनी मत दिलेलं असतं.

खरा दोष दुसरीकडे आहे. यादीतला क्रम पक्ष ठरवतो. मतदार पक्षावर खूण करतो. पहिल्या क्रमांकावर कोण आणि पाचव्यावर कोण, यात त्याला काडीचाही अधिकार नाही. मतदारसंघाचा सदस्य वारला किंवा राजीनामा देऊन गेला तर पोटनिवडणूक होते. यादीतला गेला तर पक्षाचं पुढचं नाव मतदानावाचून आत येतं. मार्गो मॅकडोनाल्ड लोदियन विभागातून अपक्ष म्हणून तीनदा निवडून आल्या होत्या. एप्रिल 2014 मध्ये त्यांचं निधन झालं, अपक्षाच्या यादीत पुढचं नाव नसल्याने ती जागा 2016 पर्यंत रिकामीच राहिली. उलट, पक्षाच्या यादीवर आलेला सदस्य पक्ष सोडून गेला तरी जागा त्याच्याकडेच राहते. वेस्ट स्कॉटलंडचे हुजूर पक्षाचे जेमी ग्रीन 2025 मध्ये लिबरल डेमोक्रॅट पक्षात गेले ते सदस्यत्व घेऊनच. मत पक्षाला दिलेलं असताना हे मतदाराशी न्याय्य नाही.

पक्षाने क्रम ठरवलेल्या या बंद यादीवर उपाय 2006 मध्येच सुचवला गेला होता. आर्बथनॉट आयोगाने दोन्हीकडून उभं राहण्याची मुभा कायम ठेवायला सांगितलं आणि यादी खुली करायला सांगितली, म्हणजे पक्षाच्या यादीतला कोणता उमेदवार हवा ते मतदारच सांगेल. ते अमलात आलं नाही. वेल्सने 2026 पासून मतदारसंघाचा एकटा सदस्य ही कल्पनाच सोडली: सोळा मोठे मतदारसंघ, प्रत्येकी सहा, एकूण 96 सदस्य, आणि सगळे बंद यादीतून. माझ्या मते हे उलट्या दिशेने टाकलेलं पाऊल आहे. ओळखीचा, नावाने जाब विचारता येणारा एक प्रतिनिधी हवाच, आणि त्याच्यावर पर्याय म्हणून आणखी काही जण हवेत. स्कॉटलंडची मांडणी ठेवावी आणि तिची यादी मतदाराच्या हाती द्यावी.

आपल्याकडेही हा विचार झाला आहे. स्कॉटलंडची पहिली निवडणूक झाली त्याच मे 1999 मध्ये भारताच्या विधी आयोगाने आपला 170 वा अहवाल दिला. लोकसभेच्या असलेल्या जागा तशाच ठेवून आणखी 25 टक्के जागा पक्षांच्या यादीतून, मिळालेल्या मतांच्या प्रमाणात भराव्यात, अशी शिफारस त्यात होती. ती शिफारस अहवालातच राहिली. जागांच्या फेररचनेची चर्चा पुन्हा सुरू असताना तो अहवाल काढून वाचायला हवा.