तमग्याचं तांबं

आमच्या घरात एक तमगा आहे. तमगाच म्हणायचं, कारण माझी फुफी त्याला तसंच म्हणते. तांब्याचा, जुन्या बंद्या रुपयापेक्षा थोडा मोठा. एका बाजूला शिडाचं जहाज आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी मजकुराच्या ओळी. माझे आजोबा बोटीवर खलाशी होते. रत्नागिरीच्या खाडीकाठच्या आमच्या गावात त्या काळी घराआड एक माणूस बोटीवर असायचा. आजोबा गेले तेव्हा त्यांच्या पत्र्याच्या पेटीत दोन लोकरी बंड्या, नोकरीचं पुस्तक आणि रुमालात गुंडाळलेला हा तमगा निघाला.

घरात सांगत की, पाण्यात पडलेल्या एका गोऱ्या साहेबाला आजोबांनी वाचवलं, म्हणून कंपनीने तो बक्षीस दिला. गावात दुसरंच बोललं जाई. साहेबाच्या केबिनमधून उचलला म्हणे! ही दुसरी गोष्ट मला दहा-अकराव्या वर्षी शाळेच्या वाटेवर कळली. मी मारामारी करून घरी आलो; पण कशावरून झाली ते कुणाला सांगितलं नाही.

तीन वर्षांपूर्वी फुफीने तमगा माझ्या हाती दिला. तू शिकलेला, वाचून दाखव म्हणाली. मी बी.ए.; तेही मराठी घेऊन. शिवाय वाचायला अक्षरं उरली पाहिजेत ना! फुफीने साठ वर्षं दर ईदेला तो चिंच-राखेने लख्ख घासला होता. जुनी नाणी जमवणाऱ्या एका स्नेह्याला दाखवला, तर त्याने कपाळाला हात लावला. जुनं तांबं घासायचं नसतं, असं त्याचं म्हणणं. त्यानेच एक युक्ती सांगितली. पातळ कागद वर ठेवून पेन्सिलीचं शिसं आडवं फिरवलं की डोळ्यांना न दिसणारं अक्षर कागदावर उमटतं. तसं केलं. पाच-सहा कागद वाया गेल्यावर तीन शब्द लागले : नेल्सन, फूद्रॉयां, कॉपर.

त्याच रात्री मी आजोबांचं नोकरीचं पुस्तक काढलं. खलाशाच्या पुस्तकात प्रत्येक सफरीची नोंद असते. बोटीचं नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख आणि शेवटी कामाचा व वागणुकीचा शेरा. आजोबांचे सगळे शेरे ‘व्हेरी गुड’. बक्षिसाचा उल्लेख मात्र कुठेही नाही. स्नेही म्हणाला, शौर्याची सरकारी पदकं दिली जातात तेव्हा त्यांच्या कडेवर बहुधा माणसाचं नाव कोरलेलं असतं. आमच्या तमग्याची कड कोरी होती. घरातली गोष्ट तिथेच डळमळली. गावातली गोष्ट मात्र जागची हलली नव्हती, हे माझ्या लक्षात आलं, आणि मग मी हा नाद सोडू शकलो नाही.

फूद्रॉयां हे जहाजाचं नाव. शब्द फ्रेंच, वीज कोसळावी तसा, असा त्याचा अर्थ. इंग्रजांनी १७५८ साली या नावाचं एक फ्रेंच जहाज पकडलं आणि ते नाव त्यांना इतकं आवडलं, की पुढे आपल्या एका नव्या जहाजाला त्यांनी तेच ठेवलं. हे नवं जहाज ८० तोफांचं. ते १७९८ साली इंग्लंडात प्लिमथला पाण्यात उतरलं, आणि १७९९-१८०० मध्ये भूमध्य समुद्रात नेल्सनचं निशाण त्यावर फडकत होतं. नेल्सन म्हणजे ट्रफाल्गरच्या लढाईत पडलेला तोच. शंभरएक वर्षांनी, १८९२ साली, नौदलाने हे जहाज मोडीत काढलं आणि ते जर्मन मोडवाल्यांच्या हाती गेलं. इंग्लंडात ओरड झाली. शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉयल याने तर नौदलाच्या कारभाऱ्यांना बोचणारी एक उपरोधिक कविताच लिहिली. (कवितेने काही होत नाही म्हणणाऱ्यांसाठी सांगतो : जहाज परत आलं. अर्थात पैसे कवीने नव्हे, व्हीटली कॉब नावाच्या एका धनिकाने मोजले.)

कॉबने सुमारे वीस हजार पौंड ओतून जहाज पूर्वीसारखं उभं केलं. खर्च भरून निघावा म्हणून ते किनाऱ्यावरच्या सहलीच्या गावांना नेऊन तिकीट लावून दाखवायचं, अशी त्याची योजना होती. त्याच फेरीत ते ब्लॅकपूलला नांगरलेलं असताना १६ जून १८९७ रोजी वादळ झालं. नांगराची साखळी तुटली आणि जहाज वाळूवर चढून फुटलं. खलाशी वाचले. राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवाला तेव्हा सहा दिवस उरले होते.

फुटलेल्या जहाजाच्या लाकडाचं फर्निचर झालं, आणि तांब्याचे हे बिल्ले. आता लाकडी जहाजाला तांबं कुठून आलं? हे मात्र मला आजोबांच्या गावामुळे चटकन समजलं. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा एक जीव असतो. दिसायला अळीसारखा, पण जात शिंपल्याची. तो लागला की वरून धड दिसणारी फळी आतून चाळणी होते. आमच्याकडे पावसाळ्याआधी होड्या वर ओढून, तळ खरवडून माशाचं तेल आणि चुना लावत ते यासाठीच. वर्षानुवर्षं समुद्रावर असणाऱ्या लढाऊ जहाजाला हे परवडत नाही. म्हणून इंग्रज नौदलाने १७६१ साली एका जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. किडा लागला नाही, शेवाळ-शिंपले कमी धरले, वेग टिकला. पण नवीच भानगड झाली. खाऱ्या पाण्यात तांब्याशेजारी लोखंड ठेवलं की लोखंड गळून जातं. पत्रे शाबूत आणि खिळे-बोल्ट गायब! १७८०च्या दशकात तांब्याच्याच मिश्रणाचे कणखर बोल्ट तयार झाले तेव्हा कुठे प्रश्न सुटला. म्हणजे असं एखादं जहाज मोडलं की ढिगाने तांबं निघे.

इथपर्यंत ठीक होतं. पण आणखी शोधताना माझ्या नजरेला एक वाक्य पडलं : फूद्रॉयां हे जहाज मुंबईत बांधलेलं आहे. झालं! मी खुर्चीतून उठलोच. मुंबईच्या गोदीत, वाडियांच्या हातचं, मलबारच्या सागवानाचं जहाज; त्याचं तांबं फिरत फिरत एका कोकणी खलाशाच्या पेटीत आलं! कवीला आणखी काय पाहिजे? मी त्यावर कविता केली आणि रत्नागिरीतल्या एका कविसंमेलनात वाचलीही. टाळ्या पडल्या. बाहेर चहाच्या वेळी गोदीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ जवळ आले आणि अदबीने म्हणाले, “कविता छानच, पण मुंबईचं जहाज तर बुडालंच नाही. मग त्याचं तांबं कसं निघालं?”

त्यांचं बरोबर होतं. मुंबईच्या जहाजाचं खरं नाव त्रिंकोमाली. त्याचे नकाशे घेऊन निघालेलं पहिलं जहाज १८१२च्या अखेरीस ब्राझीलजवळ अमेरिकनांनी नष्ट केलं. नकाशे पुन्हा पाठवावे लागले. जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली ते बांधून झालं आणि १२ ऑक्टोबर १८१७ला पाण्यात उतरलं. जुनं फूद्रॉयां फुटल्यावर कॉबला दुसरं जहाज हवं होतं. त्याच १८९७ साली भंगारात निघालेलं त्रिंकोमाली त्याने विकत घेतलं आणि फुटलेल्या जहाजाचं नाव याला दिलं. पुढे नव्वदएक वर्षं मुंबईचं जहाज फूद्रॉयां म्हणूनच ओळखलं गेलं. १९९२ साली त्याला स्वतःचं नाव परत मिळालं. आज ते इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. अजून तरंगणारं सर्वांत जुनं ब्रिटिश लढाऊ जहाज तेच.

तेव्हा आमच्या तमग्यात मुंबई नाही. नावापुरतीसुद्धा नाही, कारण नाव तिकडून इकडे आलं, इकडून तिकडे गेलं नाही. तारखा समोर होत्या. मी त्या ताडून पाहिल्या नाहीत, कारण पाहायच्या नव्हत्या. ती कविता मी संग्रहात घेतली नाही. त्या गृहस्थांना पत्र लिहून तसं कळवलं.

एक शंका स्नेह्याने काढली होती. ट्रफाल्गरच्या शताब्दीला, १९०५ साली, खलाशांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनेही नेल्सनचे बिल्ले काढले होते. त्यांत व्हिक्टरी आणि फूद्रॉयां या दोन्ही जहाजांचं तांबं मिसळलेलं. पण त्या बिल्ल्यांवर व्हिक्टरीचं नाव असतं, आणि तांबं ‘आहे’ एवढंच म्हटलेलं असतं. चिमूटभर की मूठभर, ते नाही. आमच्या तमग्याच्या कागदी ठशावर पुढे ‘ब्लॅकपूल’ आणि ‘१८९७’ हेही लागलं, त्यामुळे तो प्रश्न मिटला. हा बिल्ला बक्षिसाचा नाही. लोकांनी आठवण म्हणून विकत घ्यावा यासाठी पाडलेला. हजारो लोकांनी घेतला, आणि अजूनही जुन्या बाजारात थोड्या पैशांत मिळतो.

आजोबांच्या पुस्तकात लिव्हरपूलचा शिक्का तीन वेळा आहे. तिथून ब्लॅकपूल किनाऱ्या-किनाऱ्याने फार दूर नाही.

हे सगळं फुफीला कसं सांगायचं, या विचारात मी दोन महिने गावी गेलो नाही. ती आता पंच्याऐंशीची आहे. बापाच्या शौर्याची एवढी एकच खूण तिच्यापाशी होती, आणि ती मी मोडायला निघालो होतो. शेवटी बकरी ईदेला गेलो. पडवीत बसून पहिल्यापासून सांगितलं : वादळ, वाळूवर फुटलेलं जहाज, तांब्याचे पत्रे. मग म्हटलं, “फुफी, हा बक्षिसाचा नाही गं. दुकानात विकत मिळायचा. कुणीही घ्यावा.”

ती बराच वेळ बोलली नाही. मग विचारलं, “कुणीपन?”

“कुणीही. चार पैसे टाकले की झालं.”

“म्हंजे बाबानी चोरलान नाय ना?”

तिलाही माहीत होतं तर. माझ्यासारखंच, लहानपणापासून. मी नाही म्हटलं. तिने माझ्याकडून तमगा घेतला, पदराने पुसला आणि सुनेला हाक मारून म्हणाली, शेजारच्या घरात जाऊन सगळ्यांना बोलाव, याला पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगू दे.