अर्धा कप चहा

"भाऊ, तिथं नेऊन करतात तरी काय माणसाला? गोळ्या देतात का शपथ घालतात?" आष्टी तालुक्यातल्या कडा गावच्या एका वहिनींनी मला विचारलं. नवरा वर्षानुवर्षं पितो. आमच्या भागात दारू सोडवायच्या दोन वाटा सगळ्यांना ठाऊक असतात. एकतर गळ्यात माळ घालायची, नाहीतर कुणी दिलेली पुडी त्याच्या नकळत चहात कालवायची. वहिनींकडे तशी पुडी होती. संपादकांनी व्यसनमुक्तीवर लेख मागितला होताच, पण अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे ए.ए.च्या मीटिंगला पुण्यात जाऊन बसलो तो वहिनींच्या प्रश्नासाठी. मीटिंग खुली होती, म्हणून न पिणाऱ्यालाही बसू दिलं. बंद मीटिंग फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांची असते.

शाळेची खोली, पोरांचे बाक. फी नाही, हजेरीपट नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. शेवटी एक डबा फिरतो, ज्याला जमेल तो पैसे टाकतो. बाहेरच्या कुणाची देणगी घ्यायची नाही असा दंडक आहे, आणि तो पाळतात.

माझे डोळे चहा देणाऱ्या गृहस्थांवर खिळले. सगळ्यांना ते कप भरून देत होते, कोपऱ्यातल्या एका तरुणाला मात्र अर्धाच दिला. मला वाटलं, चहा संपत आला. थोड्या वेळानं ते परत गेले आणि उरलेला अर्धा त्याच्या कपात ओतून आले. नंतर विचारलं तर म्हणाले, "त्याचा तिसरा दिवस आहे. हात थरथरतात. भरलेला दिला तर सांडेल, लोक बघतील, आणि तो परत यायचा नाही." त्यांच्या पहिल्या मीटिंगला त्यांनाही कुणीतरी असाच अर्धा कप दिला होता.

तो तरुण डॉक्टरांची औषधं घेऊन मगच आला होता, हे बरं होतं. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम तोडली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास होतात, माणूस बरळतो, कधी जिवावरही बेततं. म्हणून आधी दवाखाना, मग मीटिंग.

मीटिंगमध्ये एकेक जण उठतो. "माझं नाव अमुक, मी दारुडा आहे. आजचा दिवस प्यायलो नाही." मग स्वतःचं सांगतो, त्याला शेअरिंग म्हणतात. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला तर नाहीच. एकानं बायकोचं मंगळसूत्र विकल्याचं सांगितलं तेव्हाही कुणी चुकचुकलं नाही. मला ते ऐकताना बसवेना, बाकीचे शांत होते. प्रत्येकाच्या घरात तसं काहीतरी घडलेलं होतं.

ए.ए.चं मूळ 1935 सालचं, अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावचं. बिल नावाचा शेअर दलाल धंद्यासाठी तिथं गेला, सौदा फिसकटला, आणि पाय बारकडे वळू लागले. त्यानं फोन फिरवून दुसरा पिणारा माणूस शोधला. भेटला तो बॉब नावाचा सर्जन. दुसऱ्याशी बोलताना आपली तलफ जिरते, हे बिलला उमगलं होतं. 10 जून 1935 हा ए.ए.चा स्थापनादिन मानतात. भारतात ही चळवळ 1957 मध्ये आली. पुण्यात 1986 मध्ये अनिल आणि सुनंदा अवचटांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. तिथं राहून उपचार घेता येतात, आणि घरी गेल्यावरचा पाठपुरावाही उपचाराइतकाच महत्त्वाचा मानतात.

घरी गेल्यावरचं कड्यात कसं जमायचं, या विचारानं परतीच्या वाटेवर जीव कातावला. नाव न सांगणं हा ए.ए.चा कणा. इथं तर दारात चप्पल दिसली तरी ती कुणाची हे गाव सांगतं. लांब जायचं म्हटलं तर 2022 पासून कड्यावरून नगरला रेल्वे जाते, पण संध्याकाळच्या मीटिंगसाठी रोज मजुरी बुडवणं कुणाला परवडेल? आणि आष्टी तालुका ऊसतोड्यांचा. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, कारखान्याच्या तळावर जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. मोळ्या वाहून अंग मोडलेल्या माणसाला थंडीत बाटली जवळची वाटते. एक मीटिंग चुकली की काळजी करणारी ए.ए.ची माणसं, चार-पाच महिने चुकल्यावर त्याला कुठं शोधणार? कारखान्याच्या तळावरच मीटिंग भरायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

वहिनींना सगळं सांगितलं. पुडीचंही सांगितलं. त्यात काय असतं कुणी सांगत नाही. डायसल्फिराम असेल तर ते पोटात असताना दारू घेतली की रक्तदाब कोसळू शकतो, हृदयावर येतं. ते औषध डॉक्टरांनी, पिणाऱ्याला सांगूनच द्यायचं असतं. वहिनी घाबरल्या, उठून पुडी घेऊन आल्या आणि माझ्या हातात दिली.

"आणि बायांसाठी असतं का असं काही?"

असतं, म्हटलं. पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी, अल-अनॉन म्हणतात. नवऱ्यानं दारू सोडलेली नसली तरी तुम्हाला जाता येतं.

बराच वेळ त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग त्यांनी विचारलं, तिथून परतीची एसटी कितीला असते.