प्रागमध्ये रुपयांत पैसे देऊ नका!

‘रॉकस्टार’मधलं प्राग पाहून तिकडे जायचं ठरवलंय? मस्त! पण पाकिटात युरो भरले की झालं, असं समजू नका. चेक प्रजासत्ताक २००४ पासून युरोपियन युनियनमध्ये आहे, तरी तिथलं चलन कोरुनाच. एक कोरुना म्हणजे साधारण चार रुपये.

खरी गंमत कार्ड काढल्यावर सुरू होते. कॅफेतलं मशीन विचारतं, रुपयांत देणार की कोरुनात? आपलं बोट आपसूक रुपयांकडे जातं. ओळखीचा आकडा दिसतो ना! तिथेच खिसा कापला जातो, कारण हा दर तुमची बँक ठरवत नाही. तो समोरची यंत्रणा लावते आणि त्यात स्वतःचा नफा धरते. कोरुना निवडलात तर रूपांतर व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या दराने होतं. त्यावर बँकेचा मार्कअप लागतो, तरीही सहसा हेच स्वस्त पडतं. मशीन वेटरच्या हातात असेल तर ‘कोरुना, प्लीज’ असं आधीच सांगून टाका. एटीएमवरही ‘विदाउट कन्व्हर्जन’ हाच पर्याय शोधा. आणि टुरिस्ट गल्लीतल्या खासगी एटीएमपेक्षा बँकेच्या शाखेतलं बरं.

रोख बदलायची असेल तर ‘झिरो कमिशन’च्या पाटीला भुलू नका. कमिशन नसलं तरी दरच पडेल असू शकतो. १०० युरोचे साधारण २,४०० कोरुना यायला हवेत. ‘हातात नक्की किती मिळतील?’ हे नोटा देण्याआधी विचारा. तरीही फसलात तर पावती जपा. २०१९ पासून तिथे कायदाच आहे : १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. रस्त्यात कुणी ‘चांगला रेट देतो’ म्हणालं, तर सरळ पुढे चालू लागा. ते हातात दुसऱ्याच देशाच्या नोटा टेकवतात, आणि तिथे ना पावती ना कायदा.

हे सगळं कार्ड चाललं तर! आपल्याकडे नवं कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी सुरू असतं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ‘इंटरनॅशनल’चं बटण निघण्याआधीच ऑन करा. ओटीपी येणारं सिमही रोमिंगवर चालू ठेवा, नाहीतर ऑनलाइन बुकिंग तिथेच अडकेल. ट्रामचं तिकीट मात्र आतल्या मशीनवर कार्ड टॅप करून निघतं.

उरलेली नाणी मनी चेंजर सहसा घेत नाहीत. ५० कोरुनाचंही नाणंच असतं, म्हणजे आपले २०० रुपये! शेवटच्या संध्याकाळी कॉफी त्यातच प्या.