फॉर्म्युला ई शर्यतींतील प्रेक्षकानुभव

फॉर्म्युला ई ही विजेवर चालणाऱ्या एकआसनी मोटारींच्या शर्यतींची आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा आहे. आंतरराष्ट्रीय ऑटोमोबाईल महासंघाच्या (एफआयए) मान्यतेने होणाऱ्या या स्पर्धेची पहिली शर्यत १३ सप्टेंबर २०१४ रोजी बीजिंग येथे झाली. २०२०–२१ च्या हंगामापासून तिला जागतिक अजिंक्यपदाचा दर्जा मिळाला. मालिकेतील प्रत्येक शर्यतीस 'ई-प्री' असे म्हणतात. इंधनावर चालणाऱ्या मोटारींच्या शर्यतीपेक्षा ई-प्री प्रत्यक्ष पाहण्याचा अनुभव बराच वेगळा असतो. इंजिनाचा गडगडाट नसतो, बहुतेक शर्यती शहरातील तात्पुरत्या मार्गांवर होतात आणि निकाल ठरवणारा मुख्य घटक, म्हणजे बॅटरीत शिल्लक असलेली ऊर्जा, डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे प्रेक्षकाला खेळ कितपत समजतो हे त्याला पुरवल्या जाणाऱ्या माहितीवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

आवाज

पहिल्या पिढीच्या फॉर्म्युला ई मोटारीचा आवाज सुमारे ८० डेसिबल असल्याचे सांगितले जात असे. जुन्या फॉर्म्युला वन मोटारींचा आवाज मार्गाजवळ १२० डेसिबलच्या वर जाई. डेसिबल हे लघुगणकीय माप असल्याने दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. म्हणजेच हा फरक दहा हजार पटींहून अधिक आहे.

मात्र या शर्यती नि:शब्द नसतात. विद्युत मोटर व गिअर यांचा उंच पट्टीतील सूर, वळणावर टायरांचे किंचाळणे, उंचसखल रस्त्यावर मोटारीचा तळ घासल्याचा खरखराट आणि काँक्रीटच्या भिंतीला मोटार घासल्याचा आवाज हे सर्व स्पष्टपणे ऐकू येते. मोटारी समोरून जात असतानाही ध्वनिक्षेपकावरील समालोचन कळते व शेजारच्या माणसाशी बोलता येते. लहान मुलांना घेऊन येणाऱ्या कुटुंबांना ही सोय वाटते. अनेक जुन्या शर्यतप्रेमींना मात्र हेच मोठे उणेपण वाटते, कारण छातीत घुमणारा इंजिनाचा आवाज हा त्यांच्या दृष्टीने खेळाचाच भाग होता. ही पोकळी भरण्यासाठी सुरुवातीच्या हंगामांत शर्यतीच्या वेळी संगीत वाजवण्याचा प्रयोगही करण्यात आला.

मार्ग आणि बैठकव्यवस्था

फॉर्म्युला ई चे मार्ग साधारणपणे दोन ते साडेतीन किलोमीटर लांबीचे असतात. सार्वजनिक रस्ते काही दिवस बंद करून, दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती व त्यांवर जाळ्या उभारून ते तयार केले जातात. अशा मार्गावर प्रेक्षक मोटारींच्या फार जवळ असतो. पण याच भिंती व जाळ्यांमुळे त्याची दृष्टी अडते आणि मार्गाचा एखादा तुकडाच त्याच्या वाट्याला येतो. सरळ मार्गावर बसल्यास मोटारी क्षणार्धात निघून जातात. याउलट हेअरपिन वळणापाशी त्या वेग कमी करतात, एकमेकींना खेटतात आणि ओलांडण्याचे प्रयत्न करतात. त्यामुळे अशा जागा अधिक पसंत केल्या जातात. उर्वरित शर्यत मोठ्या पडद्यांवरच पाहावी लागते.

काही स्थळांनी या मर्यादेवर वेगळे उपाय शोधले. मेक्सिको सिटीतील ऑटोड्रोमो एर्मानोस रॉड्रिगेझ येथे मार्गाचा काही भाग बेसबॉलच्या जुन्या मैदानातून जातो. तेथील उंच पायऱ्यांवरून प्रेक्षकांना वळणांचा सलग पट्टा दिसतो. लंडनमधील एक्सेल प्रदर्शन केंद्रात २०२१ पासून होणाऱ्या शर्यतीचा मार्ग काही अंतर इमारतीच्या आतून जातो आणि प्रारंभरेषाही आतच आहे. मोटारींतून धूर निघत नसल्यामुळेच हे शक्य होते. छताखाली टायरांचा आवाज घुमतो आणि कमी आवाजाच्या मोटारीही अनपेक्षितपणे मोठ्या वाटतात.

शर्यतीचा दिवस

सराव, पात्रता फेरी आणि मुख्य शर्यत यांपैकी बहुतेक भाग एकाच दिवशी उरकणे हे या मालिकेचे वैशिष्ट्य आहे. एकाच तिकिटावर प्रेक्षकाला जवळजवळ संपूर्ण स्पर्धा पाहता येते आणि शहरातील रस्तेही तुलनेने कमी काळ बंद राहतात. काही ठिकाणी लागोपाठ दोन दिवशी दोन शर्यती होतात.

२०२२ पासून पात्रता फेरी बाद पद्धतीने होते. चालकांचे दोन गट केले जातात, प्रत्येक गटातील पहिले चार चालक उपांत्यपूर्व फेरीत जातात आणि तेथून दोन-दोन चालकांच्या द्वंद्वांतून अग्रस्थान ठरते. टेनिस किंवा कुस्तीच्या स्पर्धांची सवय असलेल्या प्रेक्षकाला ही रचना चटकन समजते. मुख्य शर्यत सर्वसाधारणपणे पाऊण तास ते एक तास चालते. मधल्या वेळेत प्रेक्षकांसाठी उभारलेल्या 'फॅन व्हिलेज'मध्ये खेळ, शर्यतीची आभासी यंत्रे, चालकांच्या स्वाक्षऱ्या व संगीताचे कार्यक्रम असतात.

अपघात झाल्यावर थांबलेल्या मोटारीकडे मार्शल लगेच धावत नाहीत, हेही नव्या प्रेक्षकाला विचित्र वाटते. मोटारीतील उच्च दाबाची वीज हे त्याचे कारण आहे. चालकाच्या मागील कमानीवर दिवा असतो. तो हिरवा असेल तर मोटारीला हात लावणे सुरक्षित असते. लाल असेल तर विद्युत धक्क्याचा धोका असतो. मार्शल विद्युतरोधक हातमोजे घालून काम करतात.

न दिसणारी ऊर्जा

तिसऱ्या पिढीच्या मोटारीला शर्यतीसाठी ३८.५ किलोवॉट-तास एवढीच ऊर्जा वापरता येते. संपूर्ण शर्यत पूर्ण वेगाने चालवल्यास ती पुरत नाही. म्हणून चालक वळणाच्या आधीच वेगवर्धकावरून पाय काढतात आणि ब्रेक लावताना मोटरचा जनित्रासारखा उपयोग करून ऊर्जा परत मिळवतात. सर्वांत पुढे असलेल्या मोटारीला हवेचा रोध सर्वाधिक सोसावा लागतो, तर मागील मोटारी तिच्या आडोशाने ऊर्जा वाचवतात. परिणामी काही शर्यतींत आघाडी घेण्यास कोणीच उत्सुक नसतो. अग्रस्थानी असलेला चालक स्वतःहून वाट देतो आणि मोटारींचा थवा सायकल शर्यतीप्रमाणे एकत्र धावत राहतो. ऊर्जेचे आकडे न पाहणाऱ्याला हे केवळ गोंधळाचे दृश्य वाटते; आकडे पाहणाऱ्याला मात्र ती बुद्धिबळासारखी चाल दिसते. याच कारणामुळे प्रत्येक चालकाच्या शिल्लक ऊर्जेची टक्केवारी पडद्यावर दाखवली जाते.

माहिती असूनही नियमांची गुंतागुंत आड येऊ शकते. २४ एप्रिल २०२१ रोजी स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे सेफ्टी कार वारंवार मार्गावर आल्यामुळे नियमानुसार प्रत्येक मोटारीची वापरण्याजोगी ऊर्जा ५२ वरून टप्प्याटप्प्याने १९ किलोवॉट-तासांनी कमी करण्यात आली. त्यातच आघाडीवरील अंतोनियो फेलिक्स दा कोस्ता याने वेळ संपण्यास काही क्षण उरले असताना रेषा ओलांडल्याने आणखी एक फेरी धावणे भाग पडले. त्या शेवटच्या फेरीत अनेक मोटारींची ऊर्जा संपली व त्या रांगू लागल्या. ऊर्जा राखून ठेवलेला निक डी व्हरीस विजयी ठरला. पुढे असलेल्या मोटारी कोणताही बिघाड नसताना मंदावत आहेत, हे दृश्य पाहणाऱ्यांना बुचकळ्यात टाकणारे होते आणि या शर्यतीवर बरीच टीका झाली.

त्याच वर्षी जुलैमध्ये लंडन येथे लुकास दी ग्रासी सेफ्टी कारच्या संथ रांगेतून पिट लेनमध्ये शिरला आणि बाहेर पडताना सर्वांच्या पुढे आला. पिटमध्ये मोटार पूर्णपणे थांबली नव्हती असे ठरवून त्याला दंड देण्यात आला. त्याने तो न भोगल्यामुळे तो बाद झाला. विजेतेपद महिंद्रा रेसिंगच्या अ‍ॅलेक्स लिनला मिळाले. मुंबईस्थित महिंद्रा समूहाचा हा संघ पहिल्या हंगामापासून स्पर्धेत आहे.

डावपेच दृश्यमान करणारे नियम

पहिल्या चार हंगामांत बॅटरी संपूर्ण शर्यतीला पुरत नसल्याने चालक शर्यतीच्या मध्यावर दुसऱ्या मोटारीत बसत. ही अदलाबदल प्रेक्षकांपासून दूर, गॅरेजमध्ये होई. २०१८–१९ मध्ये दुसऱ्या पिढीच्या मोटारी आल्यावर ही पद्धत बंद झाली आणि 'अटॅक मोड' सुरू झाला. यात चालकाला नेहमीची रेषा सोडून वळणाच्या बाहेरील आखलेल्या पट्ट्यावरून जावे लागते. त्यात त्याचा वेळ जातो, पण त्या बदल्यात काही मिनिटे अधिक शक्ती मिळते. दुसऱ्या पिढीच्या मोटारींवर अशा वेळी चालकाच्या डोक्यावरील संरक्षक कड्याचे दिवे निळे होत, त्यामुळे कोणाकडे अधिक शक्ती आहे हे पडदा न पाहताही कळे. २०२५ मध्ये जेद्दाह येथे 'पिट बूस्ट'चा प्रथम वापर झाला. निवडक शर्यतींत प्रत्येक मोटार ३० सेकंद थांबून ६०० किलोवॉट दराने चार्ज केली जाते व तिची ऊर्जा सुमारे १० टक्क्यांनी वाढते.

'फॅनबूस्ट' या योजनेत प्रेक्षकांच्या मतांनुसार काही चालकांना अतिरिक्त शक्ती मिळे. यामुळे प्रेक्षकाला शर्यतीत थेट हस्तक्षेप करता येई. मात्र लोकप्रियतेवर मिळणारा लाभ खेळाच्या न्यायाला धरून नाही, असा आक्षेप सातत्याने घेतला गेला. २०२२–२३ पासून ही योजना रद्द झाली.

हैदराबाद ई-प्री

भारतातील पहिली ई-प्री ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबाद येथे हुसेनसागर तलावाच्या काठी, सुमारे २.८ किलोमीटरच्या मार्गावर झाली. २०१३ च्या फॉर्म्युला वन इंडियन ग्रांप्रीनंतर भारतात झालेली ही एफआयएच्या जागतिक अजिंक्यपद मालिकेतील पहिली मोटार शर्यत होती. अनेक भारतीय प्रेक्षकांना अशी शर्यत प्रत्यक्ष पाहण्याची ही पहिलीच संधी होती.

या शर्यतीत दृश्य आणि अदृश्य या दोन्ही बाजू ठळकपणे दिसल्या. जग्वार संघाच्या सॅम बर्ड आणि मिच इव्हान्स या सहकाऱ्यांच्या मोटारी हेअरपिन वळणावर एकमेकींवर आदळल्या. हा प्रसंग समजण्यास आकड्यांची गरज नव्हती. शेवटच्या फेऱ्यांत जाँ-एरिक व्हर्न याने निक कॅसिडीला थोपवून धरले आणि अर्ध्या सेकंदाहून कमी फरकाने विजय मिळवला. कॅसिडीकडे त्या वेळी अधिक ऊर्जा शिल्लक होती, हे माहीत असलेल्यालाच त्या झुंजीतील खरा ताण कळत होता. मार्गावर तिसरा आलेला सेबास्टियन ब्युमी शक्तीची मर्यादा ओलांडल्याबद्दल दंड होऊन मागे गेला व तिसरे स्थान दा कोस्ताला मिळाले.

२०२४ मध्ये येथे पुन्हा शर्यत होणार होती. तेलंगणात सत्तांतर झाल्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये ती रद्द करण्यात आली. राज्य शासनाच्या संबंधित विभागाने यजमान शहराच्या कराराचे पालन केले नाही, अशी आयोजकांची भूमिका होती.

शहर आणि शर्यत

कमी आवाज आणि धुराचा अभाव यांमुळे फॉर्म्युला ई ला शहराच्या मध्यभागी प्रवेश मिळाला. पॅरिसमधील लेझँव्हालीद परिसर आणि न्यू यॉर्कमधील रेड हुक अशा ठिकाणी शर्यती झाल्या. १९५५ च्या ल मान दुर्घटनेनंतर सर्किट शर्यतींवर बंदी घालणाऱ्या स्वित्झर्लंडमध्येही २०१८ साली झ्युरिक येथे शर्यत झाली. प्रेक्षक मेट्रोने किंवा पायी येऊ शकतो, हा त्याचा मोठा लाभ आहे. परंतु रस्ते बंद होण्याचा व बांधकामाचा त्रास आवाज कमी असला तरी टळत नाही. लंडनच्या बॅटरसी पार्कमधील शर्यत स्थानिक रहिवाशांच्या विरोधामुळे २०१६ नंतर थांबली.

मोटारींचा वाढता वेग हे दुसरे कारण आहे. तिसऱ्या पिढीच्या मोटारींना अधिक रुंद मार्ग व अधिक सुरक्षित मोकळी जागा लागते. २०२३ पासून पोर्टलंड, मिसानो व शांघाय येथील कायमस्वरूपी मार्गांचा वापर झाला. मिसानोने रोममधील रस्त्यांवरील शर्यतीची जागा घेतली. अशा ठिकाणी दृष्टी मोकळी मिळते व बसण्याची सोय चांगली असते, पण मोटारी प्रेक्षकापासून दूर जातात आणि शहराच्या मध्यभागी पायी जाऊन शर्यत पाहण्याचे वैशिष्ट्य उरत नाही. याउलट टोकियोत मार्च २०२४ मध्ये बिग साइट प्रदर्शन केंद्राभोवतीच्या रस्त्यांवर शर्यत सुरू झाली. २०२६–२७ पासून येणाऱ्या चौथ्या पिढीच्या मोटारींची कमाल शक्ती ६०० किलोवॉट आहे. त्यामुळे अरुंद शहरी मार्गांचा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो.