स्वस्त हात, महाग खुर्ची

शिरूर तालुक्यात, रांजणगावच्या मोटार कारखान्यात, यंत्रहात (रोबो) जाळीच्या कुंपणाआड चालतात. दार उघडलं की थांबतात. औद्योगिक रोबोंच्या सुरक्षेसाठीच्या ‘आयएसओ १०२१८’ या मानकामागची मूळ कल्पनाच माणसाला इजेपासून दूर ठेवण्याची. आभासी सफरीत खुर्ची हलवायला अशाच हाताच्या टोकाला माणूस बांधला, की कुंपणाचा उपयोग संपला. जुना हात स्वस्तात मिळेलही. पण दुहेरी ब्रेक, वेगावर स्वतंत्र पहारा, खांद्यावरचा अडसर, नियमित तपासणी यांचा खर्च टळत नाही. जर्मनीच्या कुका कंपनीने ‘रोबोकोस्टर’ या यंत्रहातावर माणसं बसवलीच की, असं कुणी म्हणेल. बसवली, पण तो औद्योगिक हात प्रवाशांसाठी मुद्दाम बदलून घेतलेला होता. आभासी सफरीतून ट्रॅक्टर चालवायला शिकवायचं असेल, तर एवढा खटाटोप नको; जमिनीलगतची, थोडी झुकणारी खुर्ची पुरते. वीज गेली तरी तिच्यावरून सरळ उतरता येतं.